पायातली शीर काळजात

ऑपरेशन छातीचे आणि टाके मात्र पायाला, हे कोडे आमच्या चंदगड भागात अजून पुरते सुटलेले नाही. बायपास करून आलेला माणूस बेळगावहून घरी पोचला की भावकी बघायला येते. छातीवरचा व्रण शर्टाखाली झाकलेला असतो. नजर जाते ती पायाकडे. घोट्यापासून वर मांडीपर्यंत शिवणयंत्राने मारावी तशी टाक्यांची लांबलचक रेघ. "दुखणं काळजाचं, मग पाय कशाला फाडला?" हा प्रश्न माझ्या दवाखान्यात मी किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. एका आजींनी तर उत्तरही स्वतःच देऊन टाकले होते. "बिल वाढवायला, दुसरं काय!"

आजींचा संशय निराधार आहे. पण पायातून काढलेल्या त्या शिरेचे पुढे काय होते, तिला कोण हाताळतो, कशात ठेवतो, हे प्रश्न खरे आहेत आणि ते फारसे कोणी विचारत नाही. माणसे विचारतात ते असे : ब्लॉक किती, खर्च किती, सर्जन कोण. शीर कोण काढणार, हे विचारलेले मी तरी क्वचितच ऐकले आहे.

थोडे मुळापासून सांगतो. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण स्वतःच्या स्नायूसाठी लागणारे रक्त त्यालाही बाहेरूनच घ्यावे लागते. महारोहिणीच्या उगमाशीच उजवी आणि डावी अशा दोन लहान रोहिण्या फुटतात आणि हृदयावर मुकुटासारख्या पसरतात. जाडी म्हणाल तर भाताच्या काडीएवढी. या काडीत चरबीचा थर साचत गेला की चढ चढताना छाती भरून येते, डाव्या हाताला कळ जाते. बायपास म्हणजे अडलेल्या जागेच्या पलीकडे बगलेने रक्त नेऊन सोडणे. शेतातला पाट तुंबला तर आपण बाजूने दुसरा पाट काढतो, तसेच हे. हा दुसरा पाट प्लास्टिकचा चालत नाही. इतक्या बारीक मापाच्या परक्या नळीत रक्त गोठते. शरीरातलीच नळी लागते, आणि ती लांब, सरळ, हाताशी असलेली आणि काढली तरी न अडणारी हवी. पायाच्या आतल्या अंगाला, घोट्याच्या हाडाच्या पुढून निघून जांघेपर्यंत जाणारी शीर या सगळ्या कसोट्यांना उतरते. डॉक्टर तिला 'सॅफेनस' म्हणतात. शरीरातली ही सर्वांत लांब शीर. ती काढली तरी खोलवरच्या शिरा पायाचे काम सांभाळून घेतात.

ही युक्ती रुळवली ती रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यचिकित्सकाने, मे १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये. फावालोरोंविषयी मला जी आपुलकी आहे तिचे कारण वेगळे आहे. क्लीव्हलंडला जाण्यापूर्वी हा माणूस बारा वर्षे हासिंतो अराउस नावाच्या आडबाजूच्या गावात साधी डॉक्टरकी करीत होता. पाठोपाठ धाकट्या डॉक्टर भावालाही त्याने तिथे बोलावून घेतले. गावात रक्तपेढी नव्हती, तेव्हा गावकऱ्यांचे रक्तगट तपासून ठेवले आणि गरज पडेल तेव्हा माणूस बोलवायचा, अशी चालतीबोलती रक्तपेढी उभी केली. तालुक्याच्या गावी उमेद टिकवायला आमच्यासारख्यांना एवढी गोष्ट पुरते.

भारतात पहिली बायपास १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात केली. पुढे ती मुंबई-पुण्यात स्थिरावली आणि यथावकाश बेळगाव-कोल्हापूरला आली. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब. बेळगाव त्या मानाने हाकेच्या अंतरावर. त्यामुळे सीमेचा वाद काहीही असो, छातीत कळ आली की आमची गाडी पूर्वेला वळते. आता बायपास सरकारी जनआरोग्य योजनेतही बसते. ज्या घरात पूर्वी जमीन गहाण पडली असती तिथला माणूस ऑपरेशन करून आठ-दहा दिवसांत परत येतो. ही गोष्ट मोठीच आहे आणि तिचे मोल मी कमी करीत नाही.

पण शीर मुळात या कामासाठी घडलेली नसते. आडव्या झोपलेल्या माणसाच्या पायातल्या शिरेत रक्ताचा दाब जेमतेम दहा-पंधराच्या घरात असतो. तीच शीर हृदयावर बसवली की पहिल्या ठोक्यालाच १२० चा दाब. शिवाय शिरेत ठिकठिकाणी झडपा असतात, रक्त खाली घसरू नये म्हणून. त्यामुळे ती जोडताना उलटी करून जोडावी लागते, घोट्याकडचे टोक वर आणि मांडीकडचे खाली. याउलट छातीच्या आतल्या भिंतीवरून उतरणारी 'मॅमरी' नावाची रोहिणी जन्मापासून हा दाब सोसत आलेली असते. तिचा उगम न तोडता फक्त खालचे टोक वळवून हृदयावर जोडतात. दहा वर्षांनी पाहिले तरी शंभरातल्या नव्वदांहून अधिक मॅमरी वाहत्या असतात. पायाच्या शिरांची गोष्ट अशी नाही. शंभरातल्या दहा ते वीस पहिल्या वर्षातच बंद पडतात आणि दहा वर्षांनी जवळजवळ निम्म्या. मग सगळीकडे मॅमरीच का वापरत नाहीत? कारण त्या दोनच आहेत, आणि ब्लॉक बहुधा तीन-चार. म्हणून पायाची शीर आजही सर्वांत जास्त वापरली जाते.

बायपास एकदा केली की जन्माची निश्चिंती, असे समजणाऱ्यांनी डॉ. मनमोहन सिंग आठवावेत. त्यांची पहिली बायपास १९९० मध्ये इंग्लंडात झाली. जानेवारी २००९ मध्ये ते पंतप्रधान असताना दिल्लीच्या 'एम्स'मध्ये त्यांची छाती पुन्हा उघडावी लागली. ती शस्त्रक्रिया करायला मुंबईहून डॉ. रमाकांत पांडा आणि त्यांचे सहकारी गेले होते. दुसऱ्यांदा छाती उघडणे पहिल्याहून कितीतरी जिकिरीचे. जुने व्रण आतून चिकटलेले असतात, आणि वापरायला शिरा उरलेल्या असतीलच असे नाही.

शीर का बंद पडते? बरीच वर्षे दोष शिरेच्या जातकुळीवर टाकला गेला : बिचारी शीर, तिला रोहिणीचे काम कसे झेपावे? पण जोडण्याआधीच्या शिरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा दिसले, की हृदयावर बसण्यापूर्वीच ती आतून जखमी झालेली असते. पायातून निघून छातीवर चढेपर्यंतच्या तास-दीड तासात.

या तासाचे वर्णन करायला हवे. बायपास सुरू असताना टेबलाशी दोन तुकड्या असतात. छातीपाशी मुख्य सर्जन. सगळ्यांचे लक्ष तिकडे, मोठा दिवा तिकडे. टेबलाच्या पायथ्याशी दुसरा एक जण वाकून पायातून शीर सोडवत असतो. हा बहुधा तुकडीतला कनिष्ठ माणूस असतो. तो घाईत असतो, कारण वरून विचारणा होते, "शीर झाली का?" चिमट्यात धरली, ओढली की शीर आकसते, दोऱ्यासारखी बारीक होते. हा तिचा स्वभाव आहे. दुखावलेली रक्तवाहिनी अशीच वागते. मग ती फुगवायला तिच्या तोंडात पिचकारीने पाणी भरतात. शिरेला बाजूने अनेक फाटे फुटलेले असतात, त्यांना गाठी मारलेल्या असतात, त्यातली एखादी गळते का, हेही याच वेळी पाहतात. पंक्चरवाला ट्यूब फुगवून घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो ना, तसेच. अडचण अशी की हाताने दाबलेल्या पिचकारीला दाबमापक नसतो. अंगठ्याच्या नुसत्या जोराने आतला दाब ३०० च्या वर सहज जातो. जी शीर आयुष्यभर दहा-पंधरावर जगली, तिला हृदयावर बसण्याआधीच हा दणका.

तो सोसायचा असतो शिरेच्या आतल्या अस्तराला. हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते. पूर्वी त्याला नुसता गिलावा समजत. १९८० नंतर कळले की या पेशी सतत काही ना काही बनवत असतात. त्यांनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिनी सैल राहते आणि रक्तातल्या चिकट कणिका तिला धरत नाहीत. या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. अस्तर खरवडले गेले की ही राखण गेली. मग पहिल्या महिन्यात तिथे रक्ताची गुठळी धरू शकते. गुठळी नाही धरली तर पुढच्या महिन्यांत भिंत बरी होण्याच्या नादात आतून जाड होत जाते, आणि त्या जाड भिंतीवर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तीच चरबी, जिच्यासाठी ऑपरेशन केले होते.

आणि शीर काढून झाल्यावर ठेवायची कशात? जगभर अनेक ठिकाणी एका वाटीत, सलाईनमध्ये. इथे मला थोडे थांबावेसे वाटते. आमच्या खेड्यांचा सलाईनवर किती विश्वास! जरा थकवा आला, भाताच्या लावणीत अंग दुखले, की "डॉक्टर, एक सलाईन लावा" म्हणून माणूस येऊन बाकावर आडवा होतो. नको म्हटले तर डॉक्टरच्या ज्ञानाविषयी शंका. ते मिठाचे पाणी धडधाकट माणसाच्या अंगात गेले तर रक्त त्याला लगेच सांभाळून घेते. पण अंगातून सुटलेल्या, रक्ताविना पडलेल्या शिरेला ते बाधते. साधे सलाईन रक्ताच्या मानाने आंबट असते. त्यात साखर नाही, कॅल्शियम नाही, आम्लता आवरणारे काही नाही. जिवंत पेशींचा हा नुसत्या मिठाच्या पाण्यावरचा उपवास तासभर चालतो. काही सर्जन त्याऐवजी रुग्णाचेच रक्त वापरतात. ते बरे वाटते खरे, पण उघड्या वाटीतल्या रक्तातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तेही आपला समतोल सोडते. आम्लता आवरणारे क्षार घातलेली द्रावणे मिळतात. त्यांत शीर अधिक चांगली राहते.

हे महत्त्व कळायला एक फसलेला प्रयोग उपयोगी पडला. २००२-०३ मध्ये अमेरिकेतल्या १०७ रुग्णालयांत ३,०१४ बायपास रुग्णांवर एका औषधाची चाचणी झाली. शीर जोडण्यापूर्वी त्या औषधात भिजवायची, म्हणजे पुढे भिंत जाड होणार नाही, अशी कल्पना. २००५ मध्ये निकाल आला : औषधाचा काही उपयोग नाही. पण बारा ते अठरा महिन्यांनी ज्यांची पुन्हा अँजिओग्राफी केली, त्यांच्यातल्या शंभरांपैकी सुमारे पंचेचाळीस जणांची निदान एक शीर बंद किंवा बंद होण्याच्या बेतात होती. आकडा सर्जन मंडळींनाही धक्का देणारा होता. मग त्याच नोंदी वेगवेगळ्या बाजूंनी चाळल्या गेल्या. २०१४ मध्ये त्यांतून दिसले, की ज्यांच्या शिरा आम्लता आवरलेल्या द्रावणात ठेवल्या होत्या, त्यांच्या कमी बिघडल्या. चाचणी या प्रश्नासाठी आखलेली नव्हती, म्हणून हा अखेरचा शब्द नव्हे. तरी लाखो रुपयांच्या औषधावर नजर लावून बसलेल्यांना शेजारच्या वाटीतल्या पाण्याने धडा द्यावा, यात गंमत आहे.

याच नोंदींतून २००९ मध्ये आणखी एक शंका निघाली. पायाला लांब चीर न देता दोन-तीन छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने शीर काढायची पद्धत तोवर रूढ झाली होती. पाय छान दिसतो, जखम लवकर भरते. पण अशा शिरा जास्त बंद पडत असल्याचे त्या आकड्यांत दिसले. बोगद्यात काम करताना शीर जास्त ओढली जाते, हे कारण पटण्यासारखे होते. २०१९ मध्ये दुसऱ्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. तिच्यात दुर्बिणीने शीर काढणारे सगळे मुरलेले, हात बसलेले लोक होते, आणि तिथे हृदयाच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही. हत्यारापेक्षा ते धरणारा हात कोणाचा, हा प्रश्न माझ्या मते इथेच सुटतो.

आमच्या तालुक्यात काजू पुष्कळ, आणि काजूची कलमे बांधणारे कसबी हातही आहेत. त्यांना यातले काही नवे वाटणार नाही. आठवडाभर आधी काडीची पाने छाटायची, काडी तोडली की ओल्या फडक्यात गुंडाळायची, काप एका झटक्यात आणि गुळगुळीत द्यायचा, कापलेल्या तोंडाला बोट लावायचे नाही, आणि उशीर करायचा नाही. एकाच जातीची काडी, एकच रोप, तरी एकाची कलमे धरतात, दुसऱ्याची वाळतात. दोष काडीला देणारा कलमवाला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही.

शिरेच्या बाबतीत हा विचार सर्वांत नेटाने केला तो स्वीडनमधल्या अरेब्रूच्या रुग्णालयातले डॉ. डोमिंगोस सौझा यांनी. १९९० च्या दशकात त्यांनी शीर सोलून काढायचेच सोडून दिले. भोवतालच्या चरबीच्या वेष्टनासकट ती उचलायची. चिमटा लावायचा तो चरबीला, शिरेला नाही. त्यामुळे ती आकसत नाही. आकसत नाही म्हणून फुगवावी लागत नाही. या पद्धतीचे नावच मुळी 'नो टच', म्हणजे अस्पर्श. ती चरबी फुकटचे ओझे नाही. शिरेच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या तिच्यातून जातात, आणि हृदयाच्या ठोक्याखाली शीर फाजील ताणली जाऊ नये म्हणून बाहेरून तिला आधारही मिळतो. वांग्या-मिरचीचे रोप मुळांवरच्या मातीसकट उचलले तर कोमेजत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला आणखी समजावून सांगायला नको. सोळा वर्षांनी सौझांच्या रुग्णांची तपासणी झाली तेव्हा जुन्या पद्धतीने काढलेल्या शिरांपैकी शंभरात ६४ वाहत होत्या, अस्पर्श शिरांपैकी ८३. मॅमरीच्या फारशा मागे नाहीत. रुग्ण थोडे होते, म्हणून लोक कचरत होते. २०२१ मध्ये चीनमधल्या सात रुग्णालयांतल्या २,६५५ रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर जुन्या पद्धतीच्या ६.५ टक्के शिरा बंद, अस्पर्श पद्धतीच्या ३.७ टक्के.

मग सगळीकडे हेच का करत नाहीत? कारण त्याची किंमत पाय देतो. चरबीसकट शीर उचलायची तर चीर लांब लागते आणि खाली पोकळी राहते. चीनच्या त्या चाचणीत पायाच्या जखमेवर पुन्हा उपचार करावे लागलेल्यांचे प्रमाण अस्पर्श पद्धतीत दुपटीहून जास्त होते. एअरकंडिशन्ड कचेरीत बसणाऱ्याला हा सौदा एकवेळ सोपा आहे. आमच्याकडचा रुग्ण मधुमेही शेतकरी असतो. जून-जुलैत चंदगडचा पाऊस काय असतो हे तिलारीच्या बाजूच्या माणसाला विचारा. रोपलावणीला गुडघाभर चिखलात दिवसदिवस उभे राहायचे, आणि पायाला घोट्यापासून जांघेपर्यंत ताजी जखम. ती चिघळली तर चार महिने गेलेच म्हणून समजा. हृदयाला पंधरा वर्षांचा विचार हवा आणि पायाला पुढच्या पावसाळ्याचा. यातले काय धरायचे आणि काय सोडायचे, हे रुग्णाला विचारल्यावाचून ठरू नये असे मला वाटते, आणि बहुधा ते विचारल्यावाचूनच ठरते. सर्जन टाळतात म्हणून नव्हे. असा प्रश्न असतो हेच रुग्णाला माहीत नसते.

रुग्णाच्या हातात ऑपरेशनआधीही थोडे आहे. पायाच्या शिरा वेड्यावाकड्या फुगलेल्या असतील तर ती शीर कामाची नसते. हे आधीच सांगावे, म्हणजे सर्जन दुसऱ्या पायाचा किंवा हाताच्या रोहिणीचा विचार करतो. पायाच्या शिरेत सुया टोचून घेऊ नयेत. हौसेच्या सलाईनसाठी तर नाहीच. ऑपरेशननंतर त्याच दिवशी सुरू केलेली अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी नव्या शिरेत गुठळी धरू देत नाही, आणि कोलेस्टेरॉलची गोळी तिला पुढे जपते. आमच्याकडे या दोन गोळ्या सहा महिन्यांत बंद होतात, "आता बरं वाटतंय की" म्हणून. विडी मात्र त्याच सहा महिन्यांत सुरू होते. हा निपाणीच्या तंबाखूचा शेजार. मी बोलून थकलो आहे, इथे पुन्हा बोलत नाही.

अलीकडे माझ्या एका शेतकरी रुग्णाला तीन ब्लॉक निघाले. छातीत कळ चढावरच यायची, दुखणे स्थिर होते, आणि थोडे थांबायला हृदयरोगतज्ज्ञांनीच हरकत घेतली नाही. हा सगळा पाढा मी त्यांना वाचून दाखवला होता. बेळगावला सर्जनपुढे बसल्यावर त्यांनी सरळ विचारले, "साहेब, पायाची शीर कोण काढणार? आणि काढून कशात ठेवणार?" सर्जन क्षणभर बघत राहिले, मग टेबलावरचा कागद ओढून त्यांनी चित्र काढायला घेतले. पंधरा-वीस मिनिटे दोघे बोलले. मी बाजूला गप्प. शीर वेष्टनासकट घ्यायची, पण साखर आटोक्यात आल्यावर; आणि सुगी आटोपून मळणी झाली की लगेच, म्हणजे पावसाला पुरते चार महिने मिळतील. "कुठला पाय घेऊ?" सर्जननी विचारले. त्यांनी दोन्ही पायांकडे पाहिले आणि डावा पुढे केला. उजव्याला नांगराच्या फाळाची जुनी जखम होती.

फेब्रुवारीत ऑपरेशन झाले. टाके काढायला ते माझ्याकडेच आले. पोटरीपाशी दोन टाके जरा ओलसर होते, म्हणून ते आणखी चार दिवस ठेवले.